जरा मांगे, ताई

धुळ्यात सरकीच्या रिकाम्या गोदामात आमच्या ऑर्केस्ट्राच्या तालमी चालायच्या. कर्णे आणि चार बटणांचा मिक्सर घेऊन दोंडाईच्याहून एक जण यायचा अन् तालीम टेपवर घ्यायचा. त्याचं नाव विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. स्वतःला मोठी गायिका समजणारी मी बया माइकला ओठ लावून गायची. कर्णा किंचाळला, की तो टेप चालू ठेवूनच उठायचा, माइकवर दोन बोटं टकटक करायचा आणि म्हणायचा, "जरा मांगे, ताई." ताई म्हणे, मेला! तरी त्यानं उठून यावं म्हणून मागे व्हायचं सोडून मी रोज पुढेच सरकायची.

एकदा त्यानं माझ्या पायांपाशी खडूनं रेघ ओढली. आता तो कशाला येणार? गाता गाता मी चपलेनं ती पुसून टाकली. त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी रेघ नव्हतीच. तोच जवळ आला. "खडू आज घरच राही गया, ताई." खिशातून मात्र खडूचं टोक डोकावत होतं.

पुढे लग्न होऊन मी जळगावला आले. ती टेप कुठं असेल, कोण जाणे. माझी बेसूर गाणी पुसली गेली तरी चालतील. त्यांच्या मधलं "जरा मांगे" तेवढं राहिलेलं असावं. अगदी 'ताई'सकट.