ऐंशीच्या वेगाला हलणारे पाय

"अवं, गाडी थांबव. माहा पाय हालून राहिला."

पांढुर्णा मागे टाकून आम्ही नागपूरच्या हायवेला लागलो होतो. मी गाडी कडेला घेतली, वळसा घालून मिस्टरांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. पाय गार होता आणि जराही हलत नव्हता.

"आत्ताच हालत होता," हे म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो."

मी पुन्हा गाडी सुरू केली. वेग वाढला, काटा पंचाहत्तरच्या पुढे गेला, आणि तिरप्या नजरेनं मीही पाहिलं. चपलेतला पंजा भराभर वरखाली होत होता, शिलाई मशीनवर बाईचा पाय चालतो तसा. दोन वर्षांत त्या पायाचं बोटसुद्धा हललं नव्हतं. मी रडत रडत गाडी चालवली. यांनी मधेच पेट्रोल पंपावर थांबायला लावलं आणि आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं.

माझे मिस्टर वीज खात्यात लाइनमन होते. खांबावरून पडले आणि पाठीचा मणका मोडला. कंबरेखाली काहीच उरलं नाही. आमचं घर संत्र्याच्या बगीच्यात, पांढुर्ण्यापासून आत, मधे एक नाला आणि काळ्या मातीची वाट. एका पावसाळ्यात त्यांना ताप चढला तेव्हा ॲम्ब्युलन्स चिखलात अडकली आणि चार माणसांनी त्यांना बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. त्यानंतरच आम्ही चारही चाकांना जोर लागणारी गाडी घ्यायचं ठरवलं. शाळेत शिकवता शिकवता, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले. दर गुरुवारी सुट्टी टाकून त्यांना नागपूरला थेरपीसाठी न्यायचं, एवढ्याचसाठी. नवी गाडी येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

नागपूरला थेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पलंगावर घेतलं. टाचणी टोचून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मग शांतपणे विचारलं, "हे घरी होतं का कधी?"

"नाही. फक्त गाडीत."

"किती वेगाला?"

मी सांगितलं. त्यांनी हातोडी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हा त्यांचा पाय हलत नाही, मॅडम. गाडी त्यांचा पाय हलवतेय. मणका तुटलेल्या माणसाच्या पायाला बारीक थरथर लागली की स्नायू असे आपोआप उडतात. हे चांगलं लक्षण नाही. पोटऱ्या कडक होतील आणि आपण केलेली सगळी मेहनत जाईल."

हे छताकडे बघत होते. बहिणीचे दोन फोन येऊन गेले, त्यांनी उचलले नाहीत.

परतताना मी पहिल्यांदा गाडीकडे नीट लक्ष दिलं. सत्तरपर्यंत काही नाही. पुढे सीटच्या खालून एक बारीक थरथर सुरू व्हायची, ऐंशीला दातांत जाणवायची आणि नव्वदच्या पुढे विरायची. धडधाकट माणसाला रस्ता खराब आहे एवढंच वाटलं असतं. मला गाडी चालवण्याचा अनुभव नव्हता, म्हणून मी ते नव्या गाडीचंच काही असेल असं धरून चालले होते.

पायाखाली उशी ठेवून पाहिली, मग फोमची जाड गादी. थरथर सीटमधून मांडीत शिरायची. नव्वदच्या पुढे यांना घेऊन जायची माझी हिंमत नव्हती, आणि सत्तरच्या आत गेले तर रस्त्यात इतका वेळ जायचा की त्यांच्या कमरेखालची कातडी लाल व्हायची, आणि त्यांना स्वतःला ती दुखतही नव्हती. जोरात नेलं तर पाय, हळू नेलं तर जखम.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. काही फरक नाही. दुसऱ्यांदा दुसऱ्या नव्या गाडीचे चारही टायर आमच्या गाडीला लावून पाहिले. तरीही तेच. तिसऱ्यांदा सुपरवायझर स्वतः चक्कर मारून आला, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, ही ताकदीची गाडी आहे. कारसारखी नसते. एवढं व्हायब्रेशन नॉर्मल आहे."

"माझ्या मिस्टरांचे पाय उडतात हो त्यानं."

"त्यांची तब्येतच तशी आहे ना, मॅडम. गाडीत फॉल्ट नाही." आणि त्यानं कागदावर तसं लिहून दिलं. वर हेही बजावलं की बाहेरच्या मिस्त्रीला हात लावू दिला तर वॉरंटी जाईल.

मी वर्कशॉपच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर गाडीत हे बसलेले, उन्हात. मला पाहून म्हणाले, "आता मी नाही येत. मले उगाच ओढून राहिली तू."

आणि खरंच ते आले नाहीत. चार गुरुवार गेले. घरी मी त्यांच्या पायांना व्यायाम द्यायची, पण डॉक्टरीणबाईंच्या हाताची सर माझ्या हाताला नव्हती. डावा घोटा वळेनासा झाला. एका संध्याकाळी मी त्यांना जेवण भरवायला नव्हे, नुसतं ताट पुढे सरकवायला गेले, तर ताट बाजूला करून म्हणाले, "त्याच दिवशी खांबाखाली खपलो असतो तं तू सुटली असती." मी भांडलेसुद्धा नाही. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या मनातही एक क्षण तेच येऊन गेलं होतं, आणि ते त्यांना दिसलं असेल या भीतीनं मला बाहेर जाववेना.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी एकटीच गाडी घेऊन सौंसरच्या रस्त्याला जाऊ लागले. गाडीतलं मला काही कळत नव्हतं. पण शाळेत विज्ञान शिकवते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची एवढं ठाऊक होतं. सीटशेजारी स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं. चौथ्या गिअरमध्ये ऐंशी, पाण्यावर बारीक कड्या. पाचव्यात ऐंशी, त्याच कड्या, तेवढ्याच. मोकळा रस्ता बघून नव्वदवरून गाडी न्यूट्रल केली आणि तशीच वाहू दिली. इंजिनाचा आवाज खाली बसला, पण ऐंशीला पाणी पुन्हा थरथरलं. म्हणजे इंजिन नव्हे. टायर तर बदलून झाले होते. या दोघांच्या मधलं काहीतरी. पण मधे काय असतं ते मला माहीत नव्हतं.

आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बोरगावले एक म्हातारे मिस्त्री हायत, ट्रकचे शाफ्ट सुधारतात. त्यायले दाखवा."

मिस्त्रींचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला टिनाची शेड. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पेल्यापर्यंत. मग म्हणाले, "चला बाई, चालवा." आणि पुढे बसायच्या ऐवजी मागची सीट दुमडून सरळ गाडीच्या तळाला कान लावून आडवे झाले. ऐंशीला मागून आवाज आला, "असंच राहू द्या... राहू द्या... बस. चला परत."

शेडमध्ये आल्यावर त्यांनी मला वाकून गाडीखाली दाखवलं. मधल्या पेटीतून मागच्या चाकांकडे जाणारा एक लांब लोखंडी दांडा, आणि पुढच्या चाकांकडे जाणारा दुसरा, आखूड. "इंजिनची ताकद ह्या शाफ्टानं चाकाले जाते. मले वाटते मागचा झोक खाऊन राहिला. पण वाटून काय होते? खोलून पाहा लागते."

"खोलला तर वॉरंटी जाईल म्हणतात."

"जाऊ शकते," ते म्हणाले. "मी कायले खोटं बोलू? तुमी इचार करा."

मी तिथल्या लाकडी बाकावर बसले. ही गाडी गेली तर दुसरी आमच्यानं होणार नव्हती. पण ही अशीच राहिली तर ती दारात उभी राहणार आणि हे खाटेवर. घरी फोन लावला. हे म्हणाले, "मले कायले विचारते? तुले जे करायचं ते कर," आणि ठेवून दिला. मी मिस्त्रींना म्हटलं, "खोला, भाऊ."

त्यांनी आधी पांढऱ्या रंगानं दोन्ही टोकांना खुणा केल्या, जसा होता तसाच परत बसवता यावा म्हणून. मग मागचा शाफ्ट काढून जमिनीवर ठेवला. "आता चारही चाकाचा गिअर टाका. मागचे चाकं फुकटच फिरतीन, पुढचेच ओढतीन. ऐंशीवर घ्या."

मी ऐंशीवर घेतली. पेल्यातलं पाणी एखाद्या परातीत ठेवल्यासारखं सपाट. पंचाऐंशी केले. सपाट. मी इतके आठवडे लोकांना सांगत होते ते खरं होतं, माझ्या मनातलं नव्हतं, यांच्या तब्येतीतलं नव्हतं. शेजारी मिस्त्री बसलेत हे विसरून मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही.

परत आल्यावर मिस्त्री त्या शाफ्टाजवळ उकिडवे बसले. तो पूर्ण काळा होता. गाडीचा सगळा तळच काळा होता, म्हणून त्यात कुणाला वेगळं काही दिसलं नसावं. त्यांनी अंगठ्याच्या नखानं खरवडलं. नख आत रुतलं.

"हे डांबर कोणं मारलं, बाई?"

गाडी घेताना मीच हट्ट धरला होता. नाल्याचं पाणी, काळी माती, गाडी खालून गंजेल; तळाला गंज न लागणारा लेप मारून द्या, चांगला जाड मारा, असं मी दोनदा बजावलं होतं. लेप मारणाऱ्यानं फिरणारा शाफ्ट झाकून न घेता त्यावरही लेप मारला. ओला लेप एका बाजूला ओघळून तिथंच वाळला होता. मिस्त्रींनी पत्र्याच्या पट्टीनं तो खरवडून काढला, डिझेलच्या फडक्यानं पुसला. एका बाजूनं निघालेला गोळा माझ्या मुठीएवढा होता.

"एवढ्यानं?" मी विचारलं.

"हा किती जोरात फिरते ते पाहा ना. जरासं वजन एका बाजूले असलं का झोक घेते." खुणा जुळवून त्यांनी शाफ्ट बसवला. पुन्हा चक्कर मारली. थरथर जवळजवळ गेली होती, पण पाण्यावर अजून एक पुसट कडी उठत होती. मग त्यांनी वजन तोलायला पाइपाला आवळतात तसली एक लोखंडी पट्टी शाफ्टाला आवळली, चक्कर मारायला लावली, परत आल्यावर पट्टीचा स्क्रू थोडा फिरवून दुसऱ्या बाजूला आणला, पुन्हा चक्कर. असं पाच वेळा. दोनदा थरथर वाढली. पाचव्यांदा पाणी स्थिर राहिलं. "आता हात लावू देऊ नका कोणाले," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा यांनी मान फिरवली. पण गुरुवारी सकाळी मी आंघोळीचं पाणी ठेवलं तर नको म्हणाले नाहीत. हायवेला लागलो. सत्तर. पंचाहत्तर. ते आपल्या पायांकडे बघत होते. ऐंशीला मी काटा बराच वेळ धरून ठेवला.

"बंद झाले," ते म्हणाले.

मला वाटलं, आता तरी बरं म्हणतील. ते खिडकीबाहेर बघायला लागले. तिकडेच बघत बोलले, "डॉक्टरीणबाईनं सांगतलं तरी मले वाटत होतं, थोडंसं तरी माहंच असन. एखादा झटका तरी."

दीड महिना मी ज्याच्यामागे लागले होते, ते माझ्या बाजूनं थांबवायचं होतं आणि त्यांच्या बाजूनं टिकवायचं. मग मीच कबूल केलं की तो लेप मीच मारायला लावला होता, माझ्याच हट्टानं हे सगळं झालं. मला वाटलं ते चिडतील. चिडावं असंच मला वाटत होतं.

"नाल्याचं पानी पाहूनच सांगतलं ना तू," ते म्हणाले. "मीबी तेच सांगतलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी चार आठवड्यांचा खाडा बघून कपाळाला हात लावला. डावा घोटा सैल व्हायला पुढे तीन महिने लागले, तोही पूर्ण झाला नाही. वॉरंटीचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही. सुपरवायझरला मी तो वाळलेला गोळा पिशवीत घालून दाखवला, तर त्यानं तो हातात घ्यायचंही टाळलं.

त्या पहिल्या गुरुवारी मात्र डॉक्टरीणबाईंनी यांना पलंगाच्या काठावर बसवलं आणि पाठीचा आधार काढून घेतला. मला समोर उभं केलं. "किती सेकंद बसतात ते मोजा," त्या म्हणाल्या. यांचे हात हवेत, तोंड लालबुंद, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी मोठ्यानं मोजत होते. अकराला ते डावीकडे कलंडले आणि मी त्यांना काखेत धरून सावरलं.

"पुन्हा," ते म्हणाले.