उजवा पाय

फुटबॉल हा अकरा वर्षं माझा पोटापाण्याचा धंदा होता. त्यातलं तुला सगळ्यात चांगलं काय यायचं, असं कोणी मनापासून विचारलं तर उत्तर एकच आहे: पडणं. गोल मी बेताचेच केले. डोक्याने चेंडू मारायला उंची लागते, ती आमच्या घराण्यात कोणालाच नाही. पण समोरच्याचा पाय जवळ आलेला दिसला की मी असा पडायचो की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

हे मला इथल्या शाळेने शिकवलं नव्हतं. रिसोडच्या आमच्या शाळेच्या मैदानावर गवत कमी आणि गोटे जास्त होते. तिथे पडलं की गुडघ्याचं कातडं जायचं, म्हणून जाणूनबुजून कोणी पडत नसे. आमच्या पीटीच्या सरांनी कुठूनसा एक फुटबॉल आणला, मी त्याच्यामागे वेड्यासारखा पळालो, निवड चाचणीत पास झालो आणि सरकारी क्रीडा वसतिगृहात गेलो. तिथून गोव्यातल्या एका क्लबात. केनवडमध्ये, म्हणजे आमच्या गावात, तेव्हा लोक मायला विचारायचे, पोरगा नुसता खेळते आन् त्याचा पगार भेटते? माय म्हणायची, हो, भेटते. आणखी काही तिला सांगता येत नसे.

पडायला शिकवलं क्लबातल्या दुय्यम प्रशिक्षकाने. सराव संपला की ओल्या गवतावर तो आम्हा दोघा-तिघांना थांबवून घ्यायचा. समोरच्याने पाय घातला की आपला मागचा पाय थोडा रेंगाळू द्यायचा. ओरडणं अंग जमिनीला टेकायच्या आधी आलं पाहिजे. लोळायचं दोनदाच, तिसऱ्यांदा लोळलं की पंचाला संशय येतो. आणि हात कुठे ठेवायचा ते आधीच ठरवायचं, नाहीतर माणूस घोटा सोडून गुडघा धरून बसतो. मी हे सगळं मन लावून शिकलो. त्या वेळी मला लाज वगैरे काही वाटली नाही. उलट आपण या खेळात मुरलो असं वाटलं.

तर तो सामना. वरच्या श्रेणीत जायचं की नाही हे त्या एका संध्याकाळवर होतं. एकही गोल झालेला नव्हता आणि वेळ संपत आली होती. मी चेंडू घेऊन गोलसमोरच्या चौकटीत शिरलो, त्यांच्या बचावपटूने पाय घातला आणि ऐनवेळी मागे घेतला. त्याचा मला केसभरही स्पर्श झाला नाही. मी पडलो, ओरडलो, दोनदा लोळलो आणि घोटा धरला. पेनल्टी मिळाली, त्याला लाल कार्ड. बाहेर जाताना तो माझ्यापाशी वाकून म्हणाला, "भाई, मैंने छुआ भी नहीं." मी डोळे मिटून कण्हत राहिलो. पेनल्टीपुरता लंगडत बाजूला झालो आणि आमचा गोल होताच पुन्हा खाली पडलो, कारण आता वेळ काढायचा होता. स्ट्रेचर आलं. चौघांनी मला उचलून नेलं. रेषेच्या बाहेर ठेवल्याबरोबर मी उठून बसलो, पाणी प्यालो आणि प्रशिक्षकाने माझ्या पाठीवर थाप मारली. आम्ही जिंकलो.

इकडे केनवडमध्ये माझ्या काकाच्या मोबाईलवर माय हा सामना बघत होती. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. काका शेजारी राहतो. मायला फुटबॉलमधलं काही कळत नसे, मी कुठे आहे एवढंच ती शोधायची. त्या दिवशी मी स्ट्रेचरवर असताना नेट गेलं. पडद्यावर माझा वेडावाकडा चेहरा तसाच थांबला आणि त्याच्यावर ते गोल चाक फिरत राहिलं. थोड्या वेळाने निकाल आला. काकाने सांगितलं, वहिनी, जिंकले. मायने विचारलं, पायाचं काय झालं? ते काकाला माहीत नव्हतं. मला फोन लावले. माझा फोन पिशवीत बंद पडलेला होता आणि मी नाचत होतो.

सकाळी मी काकाला फोन केला तेव्हा माय घरी नव्हती. पहिल्या एसटीने ती धनजला गेली होती. कारंज्याच्या पुढे धनज गावात तेव्हा हाडं बसवणारे एक म्हातारे बाबा होते. आमच्या भागात कोणाचं काही मोडलं की आधी त्यांचं नाव निघे. पैसे घेत नसत, नारळही नाही, बारा दिवस आंबट खायचं नाही एवढीच त्यांची अट. माय त्यांच्याकडून लेप आणायला तीन गाड्या बदलून गेली होती.

काकाला तेव्हाच सांगायला हवं होतं की मला काही झालेलं नाही. एक वाक्य होतं ते. पण काका कौतुकाने बोलत सुटला होता. तो म्हणाला, "पाय मोडला पन टीम जितवून देली तू." सगळ्या गावात त्याचं हे सांगून झालं होतं. मी म्हणालो, थोडं लागलं, होईल बरं. आठवड्याने सुट्टीवर घरी निघालो. बसमध्ये मोबाईलवर तो सामना पुन्हा पाहिला, कोणता पाय धरला होता ते बघायला. उजवा होता. केनवडच्या थांब्यावर पाच-पन्नास माणसं उभी होती. मी पायरीवरून उतरलो तो उजवा पाय ओढत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पंचही नव्हता समोर. तरी पाय ओढला. त्या दिवसांतलं हे मला अजून सगळ्यात जास्त टोचतं.

पुढचे दोन दिवस मी खाटेवर पाय पसरून पडलो होतो आणि माय माझ्या धडधाकट घोट्याला लेप लावत होती. लेपाला उग्र वास होता, वाळला की कातडी ओढली जायची. हळदीचा हंगाम होता. माय दिवसभर दुसऱ्याच्या शेतात शिजवलेली हळद पसरायला जायची आणि आल्यावर माझ्या पायाशी बसायची. घरात चिंच बंद, ताक बंद. तीही खात नव्हती. ती डाव्या हाताने लेप लावत होती आणि उजवा हात पदरात ठेवत होती. भाकऱ्या शेजारून आणत होती. कामाने थकली असेल, असं मी समजलो. खरं तर मी काहीच समजलो नाही, कारण माझं सगळं लक्ष कण्हायचं कधी आणि किती याकडे होतं.

बाबांनी तिला सांगितलं होतं की बुधवारी पेशंटला घेऊन या. नको म्हणायला मी खूप कारणं काढली, तिने एक ऐकलं नाही. काकाने जीप ठरवली. धनजला बाबांच्या अंगणात लिंबाखाली सात-आठ माणसं बसली होती. कोणाचा खांदा, कोणाचं मनगट. एक पोरगी ओठ चावून रडू आवरत होती. तिचा हात कोपरातून भलतीकडे वळलेला होता. त्या माणसांच्या रांगेत मी बसलो. तिथून उठून पळून जावं असं वाटत होतं, आणि मी उत्तम पळू शकत होतो.

माझा नंबर आला. बाबांना जवळचं फारसं दिसत नसावं, ते बोटांनीच पाहत. त्यांनी माझा घोटा मांडीवर घेतला आणि अंगठ्याने चाचपायला सुरुवात केली.

"दुखते?"

"दुखते."

अंगठा जरा वर सरकला. "इथं?"

"हो, तिथंही."

मग ते नडगीवर आले, मग पोटरीवर. प्रत्येक ठिकाणी मी दुखते म्हणालो. सवय झाली होती. बाबा थांबले. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मोठ्या मैदानात पंच, कॅमेरे आणि हजारो माणसं यांच्यासमोर मी ते नाटक केलं होतं आणि खपलं होतं. इथे एका म्हाताऱ्याच्या दोन बोटांना ते कळलं, आणि ते कळल्याचं मला कळलं. मी मान खाली घातली. आता बाबा हे मायसमोर बोलणार, अशी भीती वाटली.

बाबांनी माझा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला. म्हणाले, "याचं राहू दे. बाई, तू हात दाखव."

माय दचकली. "माह्या हाताले काई नाई झालं, बाबा. तुमी पाय पाहा त्याचा."

"पाय पाह्यला म्या. पाय चांगला हाये. तू आल्यापासून हात पदरात धरून राह्यली. दाखव."

तिने पदर बाजूला केला. मनगट सुजून निळंकाळं पडलं होतं आणि हाताचा पंजा एका बाजूला झुकला होता. लेप आणायला आली त्या दिवशी, कारंज्याला, पुढची जीप सुटेल म्हणून चालत्या एसटीतून उतरताना ती हातावर पडली होती. आठ-नऊ दिवस तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. बाबा रागावले, त्या दिवशी इथं बसून लेपाची पुडी बांधून घेतली तेव्हा का बोलली नाहीस. ती म्हणाली, पोराच्या पायाचं आधी होतं.

पण तिचा चेहरा पडलेला नव्हता. ती खुशीत होती. पाय चांगला आहे हे बाबांचं वाक्य तिने धरून ठेवलं होतं. "म्हनजे लेपानं बसलं हाड?" तिने विचारलं. बाबांनी पुन्हा एकदा तोंड माझ्याकडे वळवलं. बोलायची ती शेवटची चांगली संधी होती आणि मी जमिनीकडे बघत राहिलो. "हो," बाबा म्हणाले, "बसलं." माझ्यासाठी आणलेल्या बांबूच्या कामट्या त्यांनी तिच्या मनगटाला बांधल्या. जीपकडे जाताना मी लंगडायचं विसरलो, ते बघून तिला आणखी आनंद झाला.

बाबांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं की हाड वाकडं धरू लागलं आहे, हिला अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे ने, उशीर करू नको. मी नेतो म्हणालो. मायला विचारलं तर ती म्हणाली, बाबानं बांधलं ना, होते मंग बरं. तिला समजावायला, जबरदस्तीने गाडीत बसवायला दोन दिवस लागले असते. क्लबाचा फोन आला, वरच्या श्रेणीसाठी वैद्यकीय तपासणी आहे, लगेच या. मी गेलो. तिला अकोल्याला ने असं काकाला सांगून गेलो, म्हणजे स्वतःच्या मनाला सांगायला काहीतरी ठेवून गेलो. तिकडे एक फॉर्म भरायला दिला. गेल्या वर्षातल्या दुखापती, असा त्यात रकाना होता. मी लिहिलं, नाही. त्या वर्षात मी खरं लिहिलेली तेवढी एकच गोष्ट.

वरच्या श्रेणीत मी फार टिकलो नाही. तिथले बचावपटू हुशार आणि कॅमेरे जास्त. पंच माझं पडणं ओळखू लागले, मग खरोखर पाडलं तरी शिट्टी वाजेना. पुन्हा खाली आलो, एकेका वर्षाच्या करारावर बंगाल, केरळ असं फिरलो. एका वर्षी कोणाचाच फोन आला नाही आणि मी काय ते समजलो. आता रिसोडला एका शाळेत पीटी शिकवतो आणि रोज केनवडहून जाऊन येऊन करतो. माझ्या अंगावर एकाही मोठ्या दुखापतीची खूण नाही. लोकांना त्याचं कौतुक वाटतं.

मायचं मनगट वाकडंच राहिलं. मूठ पुरती वळत नाही. भाकरी ती अजून स्वतःच थापते, मला करू देत नाही. पण दाब एका बाजूला जास्त पडतो, म्हणून भाकरी एकीकडे पातळ आणि एकीकडे जाड होते. पातळ बाजू ती माझ्याकडे करून वाढते. मी रोज ती खातो. रोज लाज वाटते असं म्हणणं खोटं होईल, काही दिवस विसरतोही, आणि मग त्या विसरण्याची वाटते.

एकदा सांगायचा प्रयत्न केला. दोन वर्षांपूर्वी, ती सूप घेऊन तूर पाखडत होती आणि सूप हातातून निसटलं. दाणे अंगणभर झाले. मी वेचायला बसलो आणि म्हणालो, माय, त्या टायमाले माह्या पायाले... ती मध्येच म्हणाली, "आता बरा हाये ना? मंग." आणि दाणे गोळा करू लागली. मी वाक्य पुरं करू शकलो असतो. केलं नाही. तिच्या आयुष्यात आपण धावपळ करून पोराचा पाय वाचवला ही एक गोष्ट आहे, ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ती काढून घेतली तर वाकडा हात तेवढा उरेल. हे मी तिच्यासाठी करतो असं स्वतःला सांगतो. पण मला माझी पळवाट ओळखू येते, अकरा वर्षं मी तेच करत होतो.

थंडी पडली की ती चुलीवर तेल कोमट करते. जुनं दुखणं थंडीत उठतं, असं तिचं म्हणणं. परवाही वाटी घेऊन माझ्या खाटेपाशी बसली. "ठनकते काय रे?" तिने विचारलं. नाही म्हणालो, तरी तिने मांडीवर हात आपटून पाय दे म्हणून खूण केली. मी मोबाईल बघत होतो, एक पाय पुढे केला. तो डावा होता. तिने तो बाजूला सारला, त्या वाकड्या हाताने माझा उजवा पाय मांडीवर ओढून घेतला आणि घोट्याला तेल लावू लागली.