उपरण्याखालचा हात

व्यंकटराव देशमुखांनी मला फसवलं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही भूत, भानामती असलं काहीतरी म्हणाल आणि माणूस सुटेल. माणूस सुटता कामा नये.

मी असल्या गोष्टी मानणारा नाही. माझं आयुष्य जनावरांच्या दलालीत गेलं. चिंचेवर हडळ पाहिली असं सांगणाऱ्याकडून मी कधी बैल घेतला नाही. जो हडळीबद्दल थापा मारतो तो बैलाच्या दातांबद्दल काय खरं बोलणार?

आत्ता लिहायचं कारण एवढंच, की परवा पुतण्यानं मला उमरग्याला जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाला नेलं. तिथं तो फोटो मोठा करून लावलेला. खाली पाटी – ‘मुरुमचा बाजार आणि देशमुखांची मोटार’. लोक समोर उभे राहून वा वा करत होते. काय ते मडगार्ड, काय तो पितळी भोंगा! मोटारीला टेकून एक माणूस उभा आहे, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. एक पोरगी तेवढी हसली, “हा बघ येडा, हातावर उपरणं वाळत घातलंय!”

तो येडा मी.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती, मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. देशमुखांची जमीन बरीचशी कुळांकडं गेली, पण थोरल्या देशमुखांनी हैदराबादहून आणलेली काळी फोर्ड दारात उभीच होती. थोरले वारलेले. व्यंकटरावांना ना गाडी चालवता येत होती ना पोसता. मला ती मुरुम-उमरगा सवारी मारायला हवी होती. बापानं मला एका चाबकाशिवाय काही दिलं नव्हतं, आणि बैलांच्या मागं धूळ खाऊन मी कंटाळलो होतो.

बाजाराचा दिवस, भर दुपार. मी देशमुखांच्या फाटकासमोर गेलो. व्यंकटराव फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसले होते.

“मालक, मोटार द्या मला.”

“तू हेड्या, जनावरांचा दलाल. मोटारीचे दात बघणार का शेपूट?”

“दोन्ही बघून झालंय. भाव बोला.”

“भर रस्त्यात? लोक म्हणतील देशमुख मोटार इकायला बसला.”

“मग उपरण्याखाली करू की. कुणाला काय ऐकू येतंय?”

ते हसले. म्हणाले, “बरं, पसर तुझं उपरणं.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा. आणि त्या वेळी समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. तोंड चुगली करतं. म्हणून मी मडगार्डला टेकलो, हात पुढं केला, वर उपरणं टाकलं आणि मान रस्त्याकडं फिरवली.

रस्ता अजून डोळ्यांपुढं आहे. केळीवाली माशा हाकत होती, एक टांगा आडवा झाला होता. पलीकडं महेबूबभाई फोटोवाले तिकाटण्यावर कॅमेरा लावून काळ्या कापडात डोकं घालून उभे. मनात म्हटलं, ते त्यांच्या कापडाखाली, आम्ही आमच्या.

हातात हात आला. बोटं दाबली गेली. मी कमी केलं, त्यानं नाकारलं. मी एक बोट वाढवलं... आकडा इथं सांगत नाही, उपरण्याखालचा आकडा सांगायचा नसतो. शेवटी त्या हातानं माझा पंजा गच्च आवळला. सौदा पक्का. मी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि वळलो, तर व्यंकटराव फाटकातून आत निघालेले. मोठी माणसं अशीच उठून जातात, मला त्यात काही वाटलं नाही. सगळ्या बाजाराला मी पेढे वाटले.

पुढच्या बाजाराला गेलो तर मोटार नाही. सोलापूरच्या कुणाला दिली म्हणे! मी फाटकावर जाऊन बोंब मारली. व्यंकटराव म्हणाले, “तुझ्याशी सौदा? कवा?”

आमच्या धंद्यात कागद नसतो. उपरण्याखालची जबान हीच काय ती इस्टेट. ती खोटी ठरली की माणूस संपला. म्हणून मी नागप्पा अण्णांच्या आडतीवर पंच बसवले. अण्णांचा शब्द बाजारात शेवटचा. आणि मीच ओरडलो, “महेबूबभाईंचा फोटो आणा! त्यात दिसंल कोण खोटं ते!”

महेबूबभाईंनी मला बाजूला घेतलं. “दगडूभाई, नक्को. वो फोटो नक्को देखो.”

“का? तुमालाबी देशमुखानं गप केलं का?”

बिचाऱ्यानं मुकाट्यानं फोटो आणून दिला.

सगळं लख्ख. केळीवाली, टांगा, मोटार. व्यंकटराव मोटारीपासून लांब, ओट्यावर, अडकित्त्यानं सुपारी कातरताना. दोन्ही हात दिसतायत. आणि मी – मान रस्त्याकडं, हात पुढं, त्यावर उपरणं. समोर कुणी नाही.

“ह्यात तू एकलाच हैस की रं,” अण्णा म्हणाले. माणसं हसली.

“अण्णा, उपरणं बघा तुमी! फक्त उपरणं बघा!”

अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. उपरण्याची एक बाजू माझ्या मनगटावर आणि दुसरी... समोरच्या मनगटावरून पडावी तशी सरळ खाली पडलेली. मधे दोन पंजांचा फुगवटा. अण्णांनी फोटो पालथा ठेवला. आपले दोन्ही हात त्यांनी धोतराच्या सोग्याखाली ओढून घेतले.

व्यंकटराव माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, “हात उजवा व्हता का डावा?”

“डावा,” मी म्हटलं. धंद्यात उजवाच देतात. मला वाटलं होतं, देशमुखाला रीत माहीत नाही.

त्यांच्या तोंडाचा रंग उतरलेला मी पाहिला. मग ते वळले आणि पंचांना मोठ्यानं म्हणाले, “सौदा झाला न्हाय. ह्याचं डोकं फिरलंय.” आणि चालते झाले.

पुतण्या शिकलेला आहे. म्हणतो, जुन्या कॅमेऱ्यात हललेला माणूस उमटत नाही. मग व्यंकटराव त्याच वेळी ओट्यावर कसे उमटले? लोक म्हणतात, थोरल्या देशमुखांचा हात. तेही विचारून घेतलंय मी, थोरले उजवेच होते. महेबूबभाईंनी निगेटिव्हची मूळ काच दाखवली, तिच्यावर खाडाखोड नव्हती. मला आजही काही उलगडत नाही. एवढंच कळतं, की त्या दिवसानंतर माझ्या उपरण्याखाली कुणी हात घातला नाही. खोट्याच्या हातात कोण हात देणार? आणि ज्यांना मी खरा वाटलो, ते तर आणखीच लांब पळाले.

व्यंकटराव, तुम्ही सोलापूरला लेकाकडं असता, हे मासिक तुमच्या घरी येतं, हे मला माहीत आहे. मोटार नको मला, ती कधीच भंगारात गेली असेल. पण उजवा का डावा, हे तुम्ही उगाच विचारलं नव्हतं. तुम्हाला तो हात ओळखू आला होता, आणि तरी भरल्या आडतीत तुम्ही मला येडा ठरवलंत. आता बोला. कुणाचा होता तो?