रझियाभाभी गरवायला लागली

हमझा परकार आखातातून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात एक लांबडी पेटी होती. पेटीत मासे गरवायचा रॉड आणि चकचकीत रीळ. उभं आयुष्य बंदरातल्या टग बोटींवर गेलेलं. आता समुद्रकाठच्या खडपावर, कातळांवर, निवांत बसून गरी टाकायची, एवढीच त्याची हौस. पण पहिल्याच आठवड्यात शेवाळावरून पाय सटकला आणि घोटा प्लास्टरमध्ये गेला. रॉड पडवीत उभा राहिला.

वेळणेश्वरच्या अलीकडच्या त्या मोहल्ल्यात त्याच्या बायकोला सगळे रझियाभाभी म्हणतात. पन्नाशी कधीच ओलांडलेली. नवरा परदेशी असताना घर, नारळाची बाग, मुलांची लग्नं तिने एकटीने पार पाडली होती. आणि आता हा माणूस दिवसभर खाटेवर बसून डाळीला किती कढ आणायचा ते तिला सांगायचा. माघातल्या एका दिवशी तिने त्याला न विचारता रॉड उचलला, जरा जाऊन येते म्हणाली आणि थेट खडपावर गेली.

घरचं आवरून जायची, म्हणजे दुपार व्हायची. त्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वारा उठतो. टाकलेला तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, उलटा कातळावर यायचा. दोन गऱ्या फटीत अडकून गेल्या. मग ती सकाळी जायला लागली. सकाळी वारा डोंगराकडून येतो, हलका, आणि पाणी शांत असतं. पण इतकं नितळ, की मासे येतात, गरीला लावलेली मेलेली कोळंबी हुंगतात आणि वळून जातात, हे तिला वरून दिसायचं.

त्याच खडपावर गोदा भुवड कालवं फोडायला यायची. ती बरेच दिवस गंमत बघत होती. शेवटी म्हणाली, “भाभी, तुला मासा दिसतो, तर माशाला तू नाय दिसत?”

रझियाला हसू आलं, पण बोलणं पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती विटका दुपट्टा घेऊन, काठापासून मागे सरकून बसायला लागली. जाड तंगूस काढून बारीक लावला. खाडीतली जिवंत कोळंबी डबड्यात घेऊन यायची. आणि हमझाच्या मोबाईलमधल्या व्हिडिओसारखं लांब फेकायचं सोडून पायापुढच्या दोन कातळांमधल्या फेसातच गरी सोडायला लागली. भरतीचं पाणी चढताना खेकड्यांच्या मागे मासे तिथेच येतात, हे तिने बघून ठेवलं होतं. छोटे हेकरू मासे गरीला लागायला लागले. एकदा मात्र रॉड एकदम वाकला, रीळ करकरलं आणि दुसऱ्याच क्षणी सगळं सैल पडलं.

ती घरी आली आणि रॉड पडवीत टेकवून ठेवला. हमझा रॉड नेल्यापासून तिच्याशी मोजकंच बोलत होता. पण तिचा चेहरा बघून त्याने तंगुसाचं टोक मागितलं आणि उजेडात धरलं. टोक कुरळं झालं होतं.

“हा तुटलेला नाय,” तो म्हणाला. “तुझी गाठ सुटली.”

मग त्याने तिला समोर बसवलं. तंगुसाचे वेढे कसे द्यायचे, गाठ ओली करूनच का आवळायची, नाहीतर तंगूस घासून कमजोर कसा होतो, हे त्याने पुन्हा पुन्हा करून दाखवलं. बोटीवर दोर सांभाळलेले हात ते. तिची गाठ पक्की झाली तेव्हा रॉडचा राग कुठे गेला, ते त्यालाही कळलं नाही.

रमजान लागला तसं लोकांना वाटलं, भाभी आता घरी बसेल. पण दहाव्या-अकराव्या रोज्याच्या सुमाराला भरती नेमकी पहाटेच्या फजरनंतर भरत येते. नमाज झाली की ती निघायची.

अकराव्या रोज्याला तांबोशी लागली. मासा मोठा, आणि अंग टाकून कपारीकडे ओढणारा. एकदा कपारीत शिरला की संपलं. रझियाने रॉड वर धरून पाय रोवले, जमेल तेवढं रीळ फिरवलं. गाठ टिकली. पण पाण्याजवळ वाकायला तिला भीती वाटत होती. हमझाचा घोटा आठवत होता.

गोदा कोयती टाकून आली. “तू दोरी सोडू नको. मी मासा धरतंय.” लाट ओसरल्याबरोबर तिने पदर गुंडाळलेल्या हातांनी तांबोशी कवेत घेतली आणि दोघी मागे बसल्या त्या कमरेपर्यंत भिजूनच.

अर्धा मासा गोदाकडे गेला. अर्ध्याचं सालन इफ्तारला झालं. रोज्यामुळे रझियाने चव घेतली नव्हती. हमझा म्हणाला मीठ जरा जास्त झालंय, आणि भांडं आपल्याकडे ओढून घेतलं. नंतर फोनवर मुलाला त्याने माशाची लांबी सांगितली, ती खऱ्यापेक्षा वीतभर जास्त. रझियाने दुरुस्ती केली नाही.

ईदपर्यंत प्लास्टर निघालं. आता दोघं बरोबर जातात आणि वेगवेगळ्या कातळांवर बसतात, कारण एकाच कातळावर बसलं की भांडण होतं. परवा रझियाची भावजय आयात विचारत होती, मलाही शिकवशील का. रझिया म्हणाली, “ये की. चपला घालू नको, पट्ट्याचे सँडल घाल. आणि जास्त बोलू नको.”

आयात म्हणाली, बोलायचं नसेल तर येऊन करू काय. पण आली.