बीजेची दीड

"समुद्र भरतीचे पैसे घेत नाही, मग मी कोण घेणारा?" प्रल्हाद राऊत एकदा बँकेच्या कँटीनमध्ये म्हणाला होता. त्याचा भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम तो विकत का नाही, असं समोरच्याने विचारलं होतं. प्रल्हादच्या तोंडात घास होता. तो गिळून त्याने एवढं उत्तर दिलं आणि पुन्हा डबा खायला लागला.

तो भुईगावच्या वाडीवाल्यांचा मुलगा. केळी, मोगरा, पानवेल यांच्यात वाढलेला. वाडी धाकट्या भावाने सांभाळली. प्रल्हाद बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागला आणि माणिकपूरला फ्लॅट घेऊन राहिला. उंच, खांद्यात वाकलेला. बोलताना समोरच्याच्या कानापलीकडे कुठेतरी बघायचा, त्यामुळे अनोळखी लोकांना तो गर्विष्ठ वाटे. त्याला फक्त उत्तर द्यायला वेळ लागायचा.

शनिवारी तो मासळीसाठी खाडीकाठच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरला जाई. तिथे त्याच्या नेहमीच्या कोळणीचा, इनेझमायचा नवरा जाळं विणत बसलेला असे. एकदा प्रल्हादने सहज विचारलं, "आज भरती किती वाजता?" म्हाताऱ्याने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि म्हणाला, "तीन."

"कशावरून?"

"आज चतुर्थी. तिथीची पाऊनपट कर. चाराची तीन. अष्टमीची सहा. बीजेची दीड. तुमच्या बँकेत नाय शिकवत?"

प्रल्हाद हबकला. एवढा दर्या, आणि तो एका बोटाच्या पेरांत मावत होता. पुढचं वर्षभर दर शनिवार-रविवारी त्याने जेटीला बांधलेल्या, खुणा केलेल्या बांबूवर पाणी पाहिलं. खाडी हिशेबापेक्षा किती मिनिटं मागे राहते ते टिपलं. त्यातून 'भरतीवेळ' तयार झाला. इवलासा प्रोग्रॅम. तारीख द्यायची, इंटरनेट नसतानाही महिन्याचा तक्ता छापून येई. त्याने तो परदेशातल्या एका डाउनलोड साईटवर ठेवला, फुकट. फुकटचे प्रोग्रॅम फुकट मांडायची तेव्हा तिथली रीत होती. हर्णैच्या कुणीतरी आभाराचं पोस्टकार्ड पाठवलं. ते वीस वर्षं त्याच्या टेबलाच्या खणात होतं.

पाचूबंदरला जो तो त्या साईटवरच्या पानाचा पत्ता विचारू लागला, तेव्हा मच्छीमार सोसायटीने तो सरळ बर्फाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतला. निळ्या भिंतीवर पांढरी इंग्रजी अक्षरं. दर नारळी पौर्णिमेला होड्या रंगवणारा पेंटर त्या अक्षरांवरूनही ब्रश फिरवायचा. प्रल्हादने एकदा म्हणून पाहिलं, की पत्ते बदलतात. पेंटर हसला. "दादा, कागदावरचं हरवतं. भिंत कुठं चाललीय?"

गेल्या जुलैत एका दुपारी त्याला साईटची मेल आली. त्याने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, मग बायकोला हाक मारली.

"स्वप्ना, हे बघ. मला वाटतं मी चुकीचं वाचतोय."

तो चुकीचं वाचत नव्हता. फुकट मांडणी बंद झाली होती. प्रोग्रॅम तिथे ठेवायचा तर बनवणाऱ्याने दरवर्षी डॉलरमध्ये शुल्क भरायचं. चौदा दिवसांत भरलं नाही तर पान काढून टाकणार. मेलची सुरुवात होती, 'प्रिय विक्रेता'.

"विक्रेता," प्रल्हाद म्हणाला. "मी काय विकलं?"

"म्हणजे पाणपोई घालणाऱ्याकडूनच माठाचं भाडं," स्वप्ना म्हणाली. तिला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून ती थांबली. "अरे, फार नाहीयेत. भर आणि मोकळा हो."

"पैशांचा प्रश्न नाहीये."

"मग कशाचा आहे?"

तो कॉम्प्युटरकडे वळला. त्याने साईटला चार ओळींची मेल लिहिली, की मी काही विकत नाही, हे कोळ्यांसाठी आहे. मिनिटभरात उत्तर आलं. प्रिय विक्रेता, शुल्क भरण्यासाठी येथे क्लिक करा. पलीकडे माणूसच नव्हता. त्याने कॉम्प्युटर बंद केला. काढू दे पान, सोसायटीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम आहेच, असं त्याने मनाशी ठरवलं आणि स्टीवनला फोन केला नाही.

स्टीवन म्हणजे इनेझमायचा नातू, सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीचा जुना कॉम्प्युटर जुलैअखेर बंद पडला आणि त्याने नवीन आणला, हे प्रल्हादला ठाऊक नव्हतं. स्टीवनने नेहमीसारखा भिंतीवरचा पत्ता बघून टाइप केला. पान उघडलं. 'भरतीवेळ' नव्हता, पण त्याच जागी भरतीचाच दुसरा एक प्रोग्रॅम होता, मोठं हिरवं बटण असलेला. बनवणाऱ्याने शुल्क भरलेलं होतं. स्टीवनला वाटलं, काकांनी नवीन काढला. त्याने महिन्याचा तक्ता छापून बर्फाच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

नारळी पौर्णिमा झाली, पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा दर्यात उतरल्या. दोन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास स्टीवनचा फोन आला. "काका, तुमचा कागद चुकला. भावाची बोट लागली खडकाला."

प्रल्हाद लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघाला, किल्ल्याच्या वळणावर त्याने रिक्षा सोडली आणि उरलेलं अंतर जवळजवळ धावत गेला. बोट चढत्या पाण्याबरोबर खडकावरून सुटली, तशी ती कडेला आणली होती. ताज्या निळ्या-पिवळ्या रंगाखाली तळाची फळी उघडी पडली होती, आतलं लाकूड ओल्या हाडासारखं पांढरं. माणसं धड होती. एकाच्या मनगटाला फडकं बांधलं होतं. जाळ्यातली मासळी फुटक्या फळीतून खाडीत गेली होती, आणि बंदरावरचा लिलाव त्यांच्याविनाच उठला होता.

तक्त्यावर आजच्या तारखेसमोर लिहिलं होतं: भरती, सकाळी आठ.

प्रल्हादने कागदावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. आज वद्य बीज. दुपारी दीडऐवजी सकाळी आठ. साडेपाच तास अलीकडे. हे विलायतेचं घड्याळ होतं, नव्या प्रोग्रॅमने इथली वेळ धरलीच नव्हती. सगळ्यात कमी पाणी असताना कागद त्यांना खाडीत बोलावत होता.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

"पत्ता तर तुमचाच," स्टीवन म्हणाला. "तोच टाकला, भिंतीवरचा."

प्रल्हादने त्याला सगळं सांगितलं. मेल, शुल्क, चौदा दिवस. सांगताना स्वतःचेच शब्द त्याला कुणा दुसऱ्याचे वाटत होते. स्टीवन ऐकत होता, पण मान अशी हलवत होता जशी आपण म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर हलवतो.

"म्हणजे विकलंत नाही?" तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"नाही, आम्हाला वाटलं विकलात तुम्ही कोणाला तरी. चालतं हो काका. आजकाल सगळेच विकतात. आम्हाला राग नव्हता. फक्त एक फोन मारायचा होता."

समुद्राने थोबाडीत मारावी तसा प्रल्हाद उभा राहिला. वीस वर्षं तो ज्यांना ओळखत होता, त्यांना त्याने हे विकलं असणं सहज वाटलं होतं. त्यांनी मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं होतं. आणि फोनचं म्हणणं तर खरंच होतं.

इनेझमाय बर्फाच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण नजर स्वच्छ. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बीजेला सकाळी आठला भरती?" ती म्हणाली. "दर्या काय येडा झाला काय? आनि येवडे दांडगे पोरगे पान्यात गेले, एकाच्यानं पन बोटं नाय मोजवली?"

"आजी, कागद होता ना दारावर," स्टीवन म्हणाला.

"हां. कागद." ती प्रल्हादकडे वळली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं अवघड होतं. "पोरा, माजा म्हातारा गेला तवा इथं दहा वर्साचं पोर पन पाऊनपट करायचं. तुजा कागद आला, चांगला आला, फुकट आला. मंग कोन मोजतो? तू त्यांची बोटं घेऊन गेलास रे. पैसे नाय घेतलेस, त्ये खरं."

बोटीतून पाणी उपसणारे दोघंतिघं थांबले. "आजी, गप ना," स्टीवन पुटपुटला.

प्रल्हादने आजूबाजूला पाहिलं. दारामागे सणातले उरलेले डबे होते, झाकणांवर रंगाची साय धरलेले. त्याने निळा डबा उचलला, किल्लीने झाकण उचकटलं, काडीने साय बाजूला केली आणि ब्रश बुडवला. पहिल्या फटकाऱ्यात पत्त्याची सुरुवात गेली.

"काका, ओ काका! पेंटर बोंबलेल," स्टीवन म्हणाला. मग लगेच, "नवीन पत्ता टाकताय काय?"

प्रल्हाद रंग देत राहिला. वीस वर्षांचे थर होते. अक्षरं निळ्याखालीही फुगीर दिसत होती, त्यांवरून त्याने दुसरा हात मारला. मग पांढरा डबा. चाळीस वर्षं त्याने बोटांनी फक्त बटणं दाबली होती. अक्षरं वाकडी आली, 'ऊ'चा ओघळ खाली उतरला.

तिथीची पाऊणपट.

खाली, जागा उरली म्हणून, बारीक अक्षरात: खाडीला थोडा उशीर.

मनगटाला फडकं बांधलेला पोरगा पुढे येऊन वाचू लागला. "म्हणजे कसं?" त्याने इनेझमायला विचारलं. तिने त्याचा दुसरा, धड हात ओढून घेतला आणि त्याचा अंगठा पहिल्या पेरावर ठेवला.

स्टीवनने दारावरचा तक्ता फाडला. "काका, तुमचाच प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर देता का? तोच लावू आपण परत. काका?"

प्रल्हादने ब्रश डब्याच्या काठावर निथळत ठेवला. रंगाचे हात शर्टाला पुसले, खांद्यावरची लॅपटॉपची बॅग न उघडताच सारखी केली, आणि चढत्या पाण्याकडे न बघता, जेटीवरून चालत निघून गेला.