चौकातले पांढरे पट्टे

नाशिकमधल्या आमच्या चौकात फुलं विकणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठे ब्रेक करकचून लागला की हार ओवता ओवता त्यांची सुई थांबायची, आणि रस्ता ओलांडणारं माणूस पलीकडे पोचलं की मगच पुढचं फूल ओवलं जायचं. चौकातले झेब्राचे पट्टे पार पुसले गेले होते. महापालिकेत द्यायचा तक्रारअर्ज त्या माझ्याकडून लिहून घ्यायच्या. "लय गोड नको लिहू. माणूस मरंल, असं लिही," म्हणायच्या.

तिसऱ्या अर्जानंतर एकदाचे पट्टे मारले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी हार बाजूला ठेवून उठल्या आणि इकडेतिकडे न बघता पट्ट्यांवरून चालू लागल्या.

"मावशी, टेम्पो येतोय!"

"येऊ दे. आता त्यानं बघायचं."

भाजीचा टेम्पो त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"थांबला ना?" त्यांनी मलाच विचारलं.

मी हो म्हणालो. टेम्पोची पुढची चाकं पट्ट्यांवर चढलेली होती, पण त्या खाली बघत नव्हत्या.