पाणी ओकणारी सालोमेया

ओल्शानाच्या नव्या नगरभवनाला छप्पर आहे की नाही, हे खालून कळत नसे. इटलीहून आलेल्या गास्पारे गवंड्याने ते उंच नक्षीदार कठड्यामागे दडवलं होतं आणि पावसाचं पाणी बाहेर पडायला कठड्यात दगडी मुंडकी बसवली होती. त्यातलं एक हेरिंग मासे विकणाऱ्या सालोमेयाचं. फार घासाघीस करतो म्हणून तिने भर बाजारात त्याची खरडपट्टी काढली होती. तो उलटून एक शब्द बोलला नाही. दुष्ट माणसाच्या हातात कला असली की त्याला भांडावं लागत नाही.

पाऊस आला की सालोमेया चौकात भडाभडा ओकायची आणि गाव पोट धरून हसायचं. तिने ओरडून मासे विकणं सोडलं, तोंड उघडलं की कुणीतरी म्हणणारच, "पळा रे, पाऊस आला!" सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो तिचा नवरा यारोश. बिअर चढली की तो त्या धारेखाली पेला धरायचा.

"घरी काय, इथे काय, हिच्या तोंडाचा पट्टा चालूच!"

मुंडकं उतरवा म्हणून ती दरवर्षी नगराध्यक्ष क्लेमेन्सचे पाय धरायची. एका कडक हिवाळ्यात मुंडक्यातलं पाणी गोठलं, आणि बर्फ वितळल्यावर तिला वर भेग दिसली. ती धावत गेली.

"मालक, मान तडकलीय. कुणाचातरी जीव जाईल!"

"मागे म्हणालीस, गाभण गाय बिचकते. आता मान तडकली? पुढच्या वर्षी काय गं, सालोमेयाबाई?"

वसंताच्या जत्रेत पाऊस लागला. यारोश पेला घेऊन निघाला, तशी ती लाज सोडून धावली.

"अहो, मागे व्हा! पडतंय ते!"

"बघा, दोन्ही तोंडं एकदम सुटली!" कुणीतरी ओरडलं. चौक खिदळला. तिला खिजवायला यारोशने पेला आणखी उंच धरला, आणि मुंडकं त्याच्या कपाळावर आलं. त्याच्यावर पडून तिने फोडलेला टाहो वेशीपर्यंत ऐकू गेला.

क्लेमेन्सला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रांगेत भोक बरं दिसेना. गास्पारे त्या दिवशी चौकातच होता. नवं मुंडकं त्याने आठवणीतून घडवलं. डोळे फाटलेले, जबडा आधीपेक्षा मोठा.

पुढच्या पावसात सालोमेयाने मासळीच्या पिंपावर झाकण ठेवलं. शेजारची पाववाली कौतुकाने वर बघत होती.

"बिचारी," ती म्हणाली, "नवऱ्यासाठी अजून रडतेय बघा."

सालोमेया तिच्या शेजारीच तोंड मिटून उभी होती.